माळ्यावरची गरम सळई

"सुट्टी संपली की मी आठ दिवस नुसती झोपणार आहे," असं म्हणत सुन्निवाने गोठ्यावरच्या माळ्यात, गवतावर अंग टाकलं. तिचा धाकटा भाऊ आयविंद तिच्या शेजारी कधीच पसरला होता. ती बारा वर्षांची, तो दहाचा, आणि नॉर्वेत तोर्स्टाइनमामाच्या शेतावर सुट्टी म्हणजे काय, तर तीन आठवडे पाऊस, आणि तो थांबला की टिमथी नावाचं चाऱ्याचं गवत शेतात ताणलेल्या तारांवर वाळत घालायचं. हात सोलले होते, कंबर मोडली होती.

खरं तर ते गवत अजून चार दिवस तारांवर राहायला हवं होतं. पण खोऱ्यातल्या बाकी सगळ्यांच्या तारा रिकाम्या झालेल्या. रविवारी चर्चला जाताना अख्खं गाव बघणार, तोर्स्टाइनचंच तेवढं लोंबतंय! मामाला ते सोसवेना. शनिवारीच त्याने सगळं माळ्यावर चढवलं. आज गुरुवार होता.

सुन्निवाने सवयीने एक काडी उपसून चघळली आणि दचकून उठून बसली. काडी गोड लागत होती. वाळल्या गवतात रस कुठून आला? तिने पेरावर नख ओढलं, तर हिरवं साल सुटून आलं. पानं कुरकुरीत झाली होती, पण पेरं ओलीच होती.

"म्हणून मांजर इथून हलत नाही," गवतात गुरगुटून झोपलेल्या मांजराकडे बघत आयविंद हळूच म्हणाला. "खालून ऊब येतेय. आणि साखर करपल्यासारखा वासही."

मामाची लांब सळई भिंतीला टांगलेली होती. ओलसर गवत रचलं की ते आतून तापत जातं आणि पेटतंही, म्हणून दरवर्षी तो ती गवतात खुपसून बघायचा, यंदा दमून विसरला. दोघांनी ती आत दाबली, तीनशे आकडे मोजले आणि बाहेर ओढली. टोकाला हात लावता येईना. आत गवत भाजत होतं. अकरा गाईंचं हिवाळाभराचं खाणं होतं ते!

सुन्निवाने सळई जाकिटात गुंडाळली आणि दोघं घराकडे धावली. दारात मामी ओठांवर बोट ठेवून उभी. जेवणानंतरची मामाची झोप मोडायची त्या घरात कुणाची टाप नव्हती. बिचाऱ्याने तीन आठवडे पाठ टेकली नाही, काय असेल ते कॉफीच्या वेळी सांगा, असं तिने काही ऐकून न घेताच बजावलं. तेव्हा आयविंद पोट धरून पायरीवर कण्हू लागला. मामी त्याच्याकडे वळली आणि सुन्निवा आत सटकली. तिने सळईचं टोक मामाच्या तळहातावर टेकवलं.

मामा ओरडत उठला. सळई पाहिली आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. तो मोज्यांवरच धावत सुटला.

आता ज्यांच्या नजरेला तो भीत होता, त्याच शेजाऱ्यांना हाका माराव्या लागल्या. सगळे पाण्याच्या बादल्या आणि दाताळी घेऊन आले. पाणी मारत मारत गवत उपसलं. मधलं काळं पडून धुमसत होतं, ते गेलं. बाकीचं वाचलं. शनिवारपर्यंत सगळं पुन्हा तारांवर चढलं.

रविवारी चर्चच्या वाटेवर कुणीतरी हसून विचारलंच, अजून तारांवर का?

"माझंच लोंबतंय," मामा म्हणाला. "ही दोघं नसती तर लोंबायला काडी उरली नसती, आणि गोठाही." मग तो सुन्निवाकडे वळला. "पुढच्या वर्षी सळई तू घालायचीस. तू हो म्हणेपर्यंत एक काडी माळ्यावर जाणार नाही."

"घालते मामा," सुन्निवा जांभई देत म्हणाली. "पण आज जेवणानंतर मलाही कुणी उठवायचं नाही."