एकसष्ट टक्क्यांच्या पुढे

देवपुरात प्रशीलच्या दुकानाची पायरी चढणारा प्रत्येक माणूस आधी एकच वाक्य बोलतो, ‘मी काही केलं नाही, आपोआप झालं.’ बावीस वर्षांत प्रशीलला या आपोआपची इतकी सवय झाली होती की तो निमूट ऐकून घेई, कॉम्प्युटर उघडी आणि आतली मुंग्यांची वसाहत, सांडलेला चहा, एकदा तर चक्क पालीचा सांगाडा गिऱ्हाइकाच्या पुढ्यात ठेवी. वडील शाळामास्तर, बुद्धविहारातलं वाचनालय चालवणारे. त्यांनी पोराला एकच शिकवलं होतं, कुणी सांगितलं म्हणून मानायचं नाही, तपासून बघायचं. त्या तपासण्यावरच त्याचं पोट चाललं होतं.

म्हणून मंगळवारी दुपारी उषा गोधडीत गुंडाळलेला सीपीयू कडेवर घेऊन आली आणि म्हणाली, ‘भाऊ, मी काही केलं नाही,’ तेव्हा त्यानं हसून स्टूल पुढे सरकवलं.

उषा शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावरची. शिरपुरात एका लहानशा संस्थेच्या कचेरीत टायपिंग करायची. तिच्या घरानं तीन पिढ्या कसलेली उताराची जमीन वनहक्कात नावावर व्हायची होती. दावा एकदा फेटाळला गेला होता, पुरावा नाही म्हणून. आता पुरावा एकच उरला होता, तिचे वडील सिंगाआबा. म्हाताऱ्या माणसाची साक्ष चालेल, असं दावा तपासणाऱ्या साहेबांनीच सांगितलं होतं. तेव्हा आबांनी सगळी हद्द पायी फिरून दाखवायची आणि भाऊ रोहिदासनं मागून मोबाइलवर चित्रण करायचं, असं ठरलं. पहिल्या दगडापासून निघायचं आणि फिरून त्याच दगडाला हात लावायचा, म्हणजे हद्द पुरी.

आबा अर्ध्याहून जरा पुढे गेले, एका अंजनाच्या झाडाखाली बसले, आणि उठलेच नाहीत. रोहिदासच्या हातून मोबाइल खडकावर पडला. चित्रण कसंबसं कचेरीच्या कॉम्प्युटरवर उतरलं आणि मोबाइलनं मान टाकली.

त्या दिवसापासून कॉम्प्युटरचा रोजचा बॅकअप होईना. रोज सकाळी तीच सूचना, डिस्क वाचता येत नाही. उषा रोज ‘ठीक आहे’वर टिचकी मारून कामाला लागायची. जगात निम्मे लोक असंच करतात आणि उरलेले निम्मे सूचनाच वाचत नाहीत. आता कॉम्प्युटर सुरू व्हायलाच दहा मिनिटं घेत होता, आणि गुरुवारी अकरा वाजता शिरपुरात सुनावणी होती.

‘अर्धी हद्द चालेल का साहेबांना?’ प्रशीलनं विचारलं.

‘ते म्हणतात, अर्धी ती हद्दच नव्हे. पण आबा तरी दिसतील त्यांना.’

प्रशीलनं केबल बदलली. जोडणीची जागा बदलली. मग आपली कोरी डिस्क लावून सगळं उतरवायला घेतलं. पत्रं, नकाशे, फोटो सुरळीत उतरले. ते चित्रण तेवढं एकसष्ट टक्क्यांवर अडलं. डिस्कमधून टिक्, टिक् असा आवाज आला आणि तीच सूचना. यात नवल काही नव्हतं. कापडाला कसर लागते तशा डिस्कला खराब जागा पडतात. त्यानं कचेरीची डिस्क तपासणीला लावली. तास-दीड तास तपासून निकाल आला, एकही खराब जागा नाही.

खराब झाली होती ती त्याची कोरी डिस्क. बरोबर एकसष्ट टक्क्यांच्या जागी.

त्यानं दुसरी काढली. तिचंही तेच झालं. तिसरी आठच दिवसांपूर्वी जळगावहून आणलेली. तिचं सील त्यानं उषासमोर फोडलं. तीही त्याच जागी गेली. मूळ धडधाकट आणि नक्कल आजारी, असं दुखणं त्यानं आजवर पाहिलं नव्हतं. त्यानं उठून कूलरमध्ये पाणी ओतलं.

मग त्याचं लक्ष चित्रणाच्या लांबीकडे गेलं. एक तास अठ्ठेचाळीस मिनिटं. उषा म्हणाली, हे चुकीचं आहे, आबा बसले तेव्हा तासाच्या वर पाचच मिनिटं झाली होती. तिनं रोहिदासला फोन लावला. तो म्हणाला, मोबाइल पडला तो पडला, त्यानंतर आम्ही आबांना उचलत होतो, तो कुणी हातात धरलाच नाही.

उषानं पडद्यावरच्या त्या आकड्यावर बोट ठेवलं.

‘म्हणजे पुढची हद्द आहे यात,’ ती म्हणाली. ‘काढा, भाऊ. काहीही करा, पण काढा.’

ती मुक्कामाला चुलतबहिणीकडे गेली आणि बुधवारी दुपारी पुन्हा येऊन स्टुलावर बसली. रस्त्यावर ऊन नुसतं ओतत होतं, कुत्रीसुद्धा दुकानाच्या पायरीखाली शिरली होती. प्रशीलनं रात्रभर विचार करून एक साधी युक्ती काढली होती. नक्कल चालू ठेवायची आणि त्याच वेळी चित्रण बघायचं, म्हणजे नेमकं कुठं फाटतं ते कळेल. त्यासाठी चौथी डिस्क लावली. त्यानं हेडफोन चढवला.

पडद्यावर पाठमोरे आबा. खाकी अर्धी चड्डी, खांद्यावर पंचा, हातात काठी. थांबून काठी टेकवत आणि म्हणत, ‘हाई मनी हद शे.’ मग पुढे. वाळलेलं गवत पायाखाली मोडत होतं. अंजनाच्या झाडाशी ते बसले. चित्र हललं, आभाळ दिसलं, रोहिदासची किंकाळी ऐकू आली. एकसष्ट टक्के. डिस्क टिकटिकली.

प्रशील बघत राहिला. या वेळी सूचना आली नाही. चित्र सावकाश जमिनीवरून उचललं गेलं आणि माणसाच्या छातीच्या उंचीवर येऊन स्थिरावलं. पुढे आबा काठी टेकत उठत होते.

बासष्ट टक्के.

ते चालू लागले. मागे चित्र. रोहिदास नाही, रडारड नाही. नक्कल पुढे सरकत होती, पण म्हाताऱ्याच्या चालीनं. मधेच कुरिअरवाला आला म्हणून प्रशीलनं हेडफोन काढला, तशी नक्कल जागीच थबकली. त्यानं सही केली, परत बसला, आणि ती सुरू झाली. त्यानं मुद्दाम एकदा नजर दुसरीकडे वळवली. थबकली. पुन्हा बघितलं. सुरू.

तपासून बघायचं, हे वडिलांनी शिकवलं होतं. तपासून काय करायचं, ते सांगायचं राहून गेलं होतं.

सत्तर टक्क्यांवर त्याच्या पोटऱ्या भरून आल्या. खुर्चीतल्या माणसाच्या पोटऱ्या. पायमोज्यात काही टोचलं म्हणून त्यानं हात घातला, तर बोटांत कुसळं आली. वाळलेली, पिवळी.

त्यानं उषाला ती दाखवली नाही.

ऐंशीच्या पुढे चढ लागला. आबा थांबेनात. आता हेडफोनमध्ये मोबाइल धरणाऱ्याचा श्वास ऐकू येऊ लागला. दमलेला, नाकातून शिट्टी मारणारा. तो ऐकता ऐकता प्रशीलनं आवाज वाढवला. ही शिट्टी त्याच्या ओळखीची होती. बायको वृषाली त्याला रोज त्यावरून डॉक्टरकडे जायला सांगत होती.

त्यानं श्वास रोखला.

हेडफोनमधला श्वास थांबला.

त्यानं सोडला. तिकडेही सुटला.

हे चित्रण दोन महिन्यांपूर्वीचं होतं.

त्यानं हेडफोन काढून टेबलावर ठेवला. एक्क्याण्णव टक्के. नक्कल थबकली आणि डिस्क टिकटिकू लागली.

‘ताई, एवढ्यावर भागवा,’ तो म्हणाला.

उषा उठून टेबलापाशी आली. पडद्यावर तिच्या बापाची पाठ होती. तिनं ती पोटभर बघून घेतली. घाबरली नाही. घाबरायला तिच्यापाशी जागाच नव्हती.

‘दगड आला जवळ,’ ती म्हणाली. ‘ती चिंच दिसते ना, तिच्याच खाली आहे. तो हाताला लागला नाही तर आई, रोहिदास, त्याची पोरं, सगळे उठतील तिथून. बसा भाऊ. मी इथंच आहे.’

त्यानं हेडफोन चढवला.

चिंच आली. दगड आला.

आबांनी वाकून दगडावर तळवा टेकला. मग त्यांनी पहिल्यांदाच मागे वळून बघितलं. थेट.

‘थकना का, भाऊ?’

प्रशीलनं हेडफोन कानांवर दाबून धरला.

आबांनी काठी दगडाला टेकवून ठेवली आणि बाजूला सरकून वाट दिली.

‘आते तू म्होरे चाल.’

चित्र त्यांच्या अंगावरून पुढे गेलं. आबा चौकटीबाहेर, मागे राहिले. समोर नुसती पायवाट.

शंभर टक्के. नक्कल पूर्ण. चुका शून्य.

उषानं त्याच्या पायांना हात लावायला वाकावं आणि त्यानं मागे सरावं, असं दोनदा झालं. ती डिस्क पदराखाली धरून एसटीला गेली. प्रशीलनं शटर ओढलं आणि त्या दिवशी पुन्हा उघडलं नाही.

गुरुवारी दुपारी साडेबाराला तिचा फोन आला. साहेबांनी सगळं बघितलं होतं. दावा मान्य करायची शिफारस झाली होती. आई नानीबाई कचेरीच्या व्हरांड्यात फतकल मारून बसली आहे आणि पाड्यावरून पदरात बांधून आणलेली माती नुसती कुरवाळते, असं सांगताना उषा हसत होती आणि रडतही होती. प्रशीलला बरं वाटलं. दोन दिवसांत पहिल्यांदाच छाती मोकळी झाली.

‘साहेब एकच विचारत होते,’ ती म्हणाली. ‘शेवटची वीस मिनिटं कशाला जोडली?’

‘कसली वीस मिनिटं? दगडाशी संपतं ना ते.’

‘नाही भाऊ. पुढे आहे. एक माणूस पाठमोरा चाललाय आणि मागून आबा त्याला वाट सांगताहेत. आबा दिसत नाहीत, नुसता आवाज.’ ती थोडी थांबली. ‘तुम्ही कधी आमच्या पाड्यावर आला होतात का?’

‘नाही.’

‘त्याच्या शर्टावर पाठीला तुमच्या दुकानाचं नाव आहे.’

पुढे ती काय बोलली ते प्रशीलला नीट आठवलं नाही. फोनवर बोलताना माणूस उठून चार पावलं फिरतोच, तसा तोही उठला होता. भानावर आला तेव्हा उन्हानं डोळे दिपले. दुकान दिसेना. शहराबाहेरची नगावबारी केव्हाच मागे पडली होती आणि तो शिरपूर रस्त्याच्या डाव्या कडेनं, न थांबता, एका लयीत चालत होता.

त्यानं मोबाइल कानापासून काढून बघितला. उषाचा फोन बंद होऊन सव्वा तास झाला होता.