स्वच्छ फोटो

आडवणच्या सड्यावरच्या, म्हणजे खाडीलगतच्या उंच कातळपठारावरच्या, सागर निरीक्षण केंद्रात मोठ्या पडद्यावर एक सूर्यास्त उघडला होता. शर्वाणी तोरसकरने तो आदल्या संध्याकाळी खाली खाडीच्या जेटीवरून टिपला होता. खाडीतले रोहित पक्षी, कांदळवनातली पाणमांजरं आणि पाण्यात बुडणारा सूर्य यांचे फोटो काढण्यातच तिची उमेदीची वर्षं गेली होती. पण असा सूर्य तिने पाहिला नव्हता. तांबूस बिंबाचा खालचा भाग एका काळ्या पट्टीने खाल्ला होता आणि ती पट्टी खाडीच्या मुखाशी पाण्याला चिकटून पसरली होती.

"हा ढग नव्हे," केंद्रातले समुद्ररसायनतज्ज्ञ डॉ. गॉडफ्री लोबो म्हणाले. "डोळ्यांना तिथे नुसतं आकाश दिसलं असतं. ही गंधकवायूची सावली आहे."

त्यांनी तिला सगळं समजावून सांगितलं. अरबी समुद्राच्या खोल पाण्यात प्राणवायू नसलेला एक थर असतो. तिथले जिवाणू हा विषारी गंधकवायू, म्हणजे हायड्रोजन सल्फाइड, तयार करतात, आणि तो एरवी तिथेच अडकून राहतो. यंदा पाणी तापलं, प्रवाह बदलले आणि तो थर किनाऱ्याशी वर आला. हा वायू हवेपेक्षा जड असतो, म्हणून तो पाण्यावरून सरपटत येतो. गावाला आठवडाभर कुजक्या अंड्यांसारखा वास येत होता तो त्याचाच.

शर्वाणीच्या हातात केंद्राने दिलेला कॅमेरा होता, वायुछायक. मावळत्या सूर्याचे किरण समुद्रावरून आडवे, फार लांबून येतात. वाटेत गंधकवायू असला तर तो त्यातले डोळ्यांना न दिसणारे काही किरण गिळून टाकतो. वायुछायक साध्या फोटोसोबत ते किरणही टिपायचा, आणि वायू असेल तिथे काळं दाखवायचा.

"पण किनाऱ्यावर बाष्प असतं, धूळ असते, मिठाचे कण असतात," शर्वाणीने विचारलं. "ते सगळं काळं दिसत नाही?"

"म्हणून तो आधी स्वतःभोवतीची हवा पाहतो," लोबो म्हणाले. "ती स्वच्छ धरतो आणि समोरच्या हवेतून वजा करतो. उरतो तो फक्त फरक."

वायू मोजायची यंत्रं मुंबईहून निघाली होती, अजून पोचली नव्हती. तोवर खाडीवर लक्ष ठेवायला हा एकच डोळा होता. खालच्या वाडीतल्या लोकांना लोबोंनी सड्यावरच्या शाळेत आणून ठेवलं होतं. त्यात शर्वाणीचे जयराममामा आणि मामीही होती. ती लहान असल्यापासून मामा तिला होडीतून पक्षी दाखवायला न्यायचे. प्रवाहात होडी अशी स्थिर धरायचे की फोटो हलत नसे. शाळेच्या व्हरांड्यात त्यांचा जीव रमत नव्हता. होडी जेटीला बांधलेली होती आणि तिच्यात पाणी भरेल ही त्यांना काळजी.

दुसऱ्या दिवशी सूर्यास्ताच्या सुमाराला खालचा वास गेला. शर्वाणी फोटो काढायला उतारावरून खाली आली तेव्हा वाटेत तो नाकात घुसत होता, डोळे चुरचुरत होते. पण जेटीवर पोचल्यावर थोड्याच वेळात काहीही जाणवेना. हवा पडलेली होती. पाणी तेलासारखं संथ होतं. मामा तिच्या मागोमाग आलेच होते, आणि त्यांना पाहून वाडीतली आणखी माणसं बोचकी घेऊन उतरत होती.

"वास गेलो गो, शर्वू," मामा म्हणाले. "फोटो काय सांगता?"

सूर्य खाडीच्या मुखावर टेकला होता. तिने वायुछायक लावला आणि बटण दाबलं. पूर्ण गोल, तांबूस बिंब. त्याखाली पाण्याची सोनेरी रेघ. काळं काही नाही. तिला इतकं हलकं वाटलं की तिने मोठ्यानेच सांगून टाकलं, फोटो स्वच्छ आहे. मागे माणसं हसली. कुणीतरी आपल्या घराचं कुलूप उघडायला गेलं. मामा होडीतलं पाणी उपसायला जेटीच्या पायऱ्या उतरले.

शर्वाणीने लोबोंना फोन लावला आणि दुसऱ्या हाताने आपला नेहमीचा कॅमेरा उचलला. समोर एक घार पाण्यावर घिरट्या घालत होती, पंखांवर मावळतीचा रंग. किती दिवसांनी काही जिवंत दिसत होतं. घार मेलेल्या माशावर झेपावली. शर्वाणी एकामागून एक फोटो काढत गेली. घारीने मासा पकडला, पंख उघडले आणि ते तसेच उघडे ठेवून ती पाण्यावर पडून राहिली. उठली नाही.

फोनवर लोबो विचारत होते की ती जेटीवरूनच बोलते आहे का, आणि वास येतो आहे का. तिने नाही म्हणून सांगितलं. त्यांचा आवाज एकदम बदलला.

"शर्वाणी, हा वायू वाढला की नाक बधिर होतं. वास कमी झालेला नाही. वायू वाढलाय."

"पण फोटोत काही..."

ती तिथेच थांबली. समोरची हवा आणि भोवतालची हवा, यांतला फरक. फरक उरला नव्हता. पट्टी समोरून नाहीशी झाली होती, कारण ती स्वतःच आता पट्टीच्या आत उभी होती.

तिने मामांना हाक मारली. ते होडीत खाली वाकले होते, हातात डबा. त्यांनी मान वर करायचा प्रयत्न केला आणि बाजूच्या फळीवर कलंडले, अगदी सावकाश, झोप आल्यासारखे. शर्वाणी दोन पायऱ्या उतरली. डोळ्यांपुढे अंधारी आली. फोन अजून चालू होता. त्यातून लोबो सांगत होते की खाली कुणालाही आणायला जायचं नाही, जो वाकेल तो तिथेच राहील. तिने होडीकडे पाहिलं. मामांचा हात काठाबाहेर लोंबत होता. मागे वाडीत माणसं दारं उघडत होती, आणि ती सगळी शर्वाणीच्याच शब्दावर तिथे गेली होती.

ती वळली. धडपडत, रांगत, पुन्हा उभी राहत ती वाडीकडे धावली आणि ओरडत सुटली की वर चला, वास येत नाय म्हणून वर चला. काहींना ते वेडेपणाचं वाटलं. मग एक माणूस आपल्या उंबऱ्यावरच बसला आणि आडवा झाला, तेव्हा सगळे पळाले.

सड्यावर पोचल्यावर, खाली नाहीसा झालेला वास हळूहळू परत आला, आधी पुसट, मग उलटी यावी इतका. बायका घाबरून रडू लागल्या. लोबोंनी त्यांना सांगितलं की घाबरू नका, नाक जागं झालंय, म्हणजे इथे वायू विरळ आहे. मामी शर्वाणीजवळ येऊन बसली. शर्वाणीच्या मागच्या रिकाम्या वाटेकडे तिने एकदाच पाहिलं आणि पदर तोंडाला लावला.

शर्वाणीने गळ्यात अडकवलेला वायुछायक खाडीकडे वळवला. सूर्याची शेवटची कड उरली होती. खालची वाडी, जेटी, माडांचे निम्मे बुंधे, सगळं एका काळ्या तळ्यात बुडालेलं दिसलं. तळ्याचा काठ सड्याच्या उताराला टेकला होता. तिने पुन्हा फोटो काढला. काठ थोडा वर आला होता. समुद्राकडून वारा सुटला होता.

"शर्वू," मामी हळूच म्हणाली, "माका आता वास येणा नाय."

शर्वाणीने श्वास घेतला. तिलाही येत नव्हता. वाऱ्याने वायू पांगला असेल, किंवा तो इथवर चढला असेल. तिने आणखी एक फोटो काढला आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिलं. शेवटचा फोटो उमटत होता. वाडी दिसत होती, जेटी दिसत होती, पाण्यावर रंग होते. काळं कुठेच नव्हतं.

लोबोंनी तो फोटो पाहिला आणि तिच्याकडे पाहिलं. दोघांनाही त्यावरून काहीच सांगता येणार नव्हतं. लोबोंनी सगळ्यांना उठवलं आणि घाटाच्या रस्त्याला लावलं. शर्वाणीने मामीचा हात धरला. कुणी मागे वळून पाहिलं नाही. चढावर धापा टाकत प्रत्येक जण हवेत तो घाणेरडा वास शोधत होता.