पाठमोरा

तो चेहरा तुम्ही खोडलात, प्रकाशक महाशय. दुसऱ्या कुणी नाही. पंख्याखाली बसून, लाल पेन्सिलीने तीन पानांवर आडव्या रेघा ओढल्यात आणि वर गोड बोललात, "बाई, नायकाला चेहरा द्यायचा नसतो. उंची द्या, आवाज द्या, कोट द्या. चेहरा वाचणारीला आपापला बसवू द्या." बाईंनी मान डोलावली. पहिलंच पुस्तक होतं, आणि तुमच्या दाराखेरीज दुसरं दार त्यांना माहीत नव्हतं. त्या मान डोलावण्याचं पुढे काय झालं, ते तुम्ही आजवर विचारलं नाहीत. आता ऐका.

बाई समुद्राकाठी राहतात. उन्हाळ्यात गजबजायचं आणि एरवी कुलपं लावून बसायचं, असं ते गाव. लाकडी घरं, पुढे व्हरांडे, खाऱ्या हवेने रंगाचे पोपडे उडालेल्या खिडक्या. किनाऱ्याच्या कडेने फरसबंद रस्ता आणि त्यावर पाण्याकडे तोंड करून मांडलेले बाक. हवा खायला येणारी मंडळी तिथे पिढ्यान्‌पिढ्या येतात, कपडे तेवढे बदललेत. बाईंच्या कादंबऱ्या त्या जुन्या उन्हाळ्यांच्या. गवती टोप्या, धक्क्यावर वाजणारा बँड, बायकांना कपडे बदलायला चाकांवरच्या कापडी खोल्या, दिवेलागणीला व्हरांड्यात टांगलेले कंदील. एक बाई वाट बघते. एक पुरुष निघून जातो. शेवटच्या पानावर तो परत येतो. यायलाच हवा, हाही तुमचाच नियम.

बाईंचा स्वतःचा मात्र आला नव्हता.

नवरा होड्या रंगवायचा. हंगाम संपल्यावर, गाव रिकामं झाल्यावर, एका दुपारी नवी रंगवलेली होडी पाण्यात कशी बसते ते बघायला गेला. जाताना मनगटावरचं घड्याळ काढून स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं. "पाणी जाईल गं ह्यात," म्हणाला. होडी सापडली. तिच्या तळाला ओरखडासुद्धा नव्हता.

लोक म्हणाले, रड. बाईंना रडता येईना. त्या लिहायला बसल्या. शाळा अर्धवट, व्याकरण यथातथा, पण बसल्या. पहिल्या पुस्तकात त्यांनी त्याला अख्खा ओतला. उन्हाने रापलेल्या मनगटावर घड्याळाने राखलेला पांढरा पट्टा, आणि तीन पानं भरून चेहरा. पट्टा राहिला, चेहरा गेला. गंमत अशी, की पट्टाच चुकीचा होता. कादंबरीतल्या त्या जुन्या काळातले पुरुष घड्याळ खिशात ठेवायचे, मनगटावर पट्टा येणार कुठून? शहाण्या वाचकांनी टाळ्या देत चूक दाखवली. पुढच्या आवृत्तीत तुम्ही ती काढायला निघालात, तेव्हा बाई पहिल्यांदा अडून बसल्या. "तेवढी एक चूक माझी राहू द्या."

तिथून त्या शहाण्या झाल्या. नवऱ्याला एकदम खर्च करायचा नाही. साबणाची वडी झिजू नये म्हणून कोरडी करून ठेवतात ना, तसं. एका पुस्तकात त्याची एकच गोष्ट. एकात त्याची शीळ, दोनच सुरांची, श्वास आत ओढत घातलेली. एकात पायरीच्या कडेवर टाच घासून वाळू झाडायची सवय. एकात घरात शिरतानाचा त्याचा प्रश्न. बायको समोर उभी दिसत असली तरी तो विचारायचा, "आहेस का गं?"

पुस्तकं खपली. वाचकिणी गावात येऊ लागल्या, बाईंच्या व्हरांड्यासमोर उभ्या राहून उसासे टाकू लागल्या. मुखपृष्ठावर दर वेळी तोच, लांब कोट, गवती टोपी, समुद्राकडे तोंड. पाठमोरा. कितीजणींनी कितीदा वाट पाहिली असेल त्याने वळण्याची!

मग ह्या उन्हाळ्यात चहावाला म्हणाला, "बाई, नट झकास गाठलात हं!"

"कुठला नट?"

"घ्या! म्हणजे गावाला दिसतो आणि मालकिणीला नाही? शेवटच्या बाकावर बसतो भर दुपारी. एवढ्या उकाड्यात अंगात कोट. मी चहा घेऊन गेलो माझ्याकडून. कप भरलेला तसाच परत, आणि वर वाळू."

बाई हसल्या. त्यांना वाटलं, ही तुमची जाहिरात. दुसऱ्या दिवशी दोन वाचकिणी, सख्ख्या बहिणी, व्हरांड्याशी आल्या, हातात पुस्तक. धाकटी म्हणाली, "काय बाई बारकावा तुमचा! मनगटावरचा पांढरा पट्टासुद्धा! चूकसुद्धा तशीच ठेवलीत."

"दिसायला कसा आहे तो?" बाईंनी विचारलं.

"सावळा, धारदार नाकाचा," धाकटी म्हणाली.

"काहीतरीच काय! गोरा आहे चांगला," थोरली म्हणाली. "अगदी आमच्या ह्यांच्यासारखा. म्हणजे लग्नातले हे. आत्ताचे नव्हेत."

"तुझ्या डोळ्यांचा नंबर वाढलाय."

"आणि तुझ्या जिभेचा."

दोघी फाटकापर्यंत भांडत गेल्या. धाकटी मधेच थांबली. म्हणाली, "खरं सांगू? मी मागूनच पाहिला. पुढून पाहिला असं उगाचच वाटत होतं."

बाईंनी तुम्हाला फोन केला. आठवतंय? तुम्ही म्हणालात, "आम्ही कुणालाही पाठवलेलं नाही. पण असेल कुणी वेडा चाहता, बसू द्या की. खप वाढतोय." आणि हसलात.

बाई स्वतः बघायला गेल्या. ऊन मी म्हणत होतं, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. शेवटच्या बाकावर तो होता. खांदे थोडे पुढे झुकलेले. उजवा हात बाकाच्या पाठीवर पसरलेला, शेजारी कुणाला तरी जागा ठेवल्यासारखा. मनगटावर पांढरा पट्टा. बाई दहा हातांवर थांबल्या. त्याने शीळ घातली. दोन सूर, श्वास आत ओढत.

इतक्या वर्षांत त्यांनी कशाची वाट पाहिली होती? ह्याचीच ना? चार पावलं टाकायची, पुढे जायचं, बघायचं. पण पुढे जाऊन जुळवायचं कशाशी? बाईंनी डोळे मिटून नवऱ्याचा चेहरा आठवायला घेतला. टोपी आठवली. कॉलर आठवली. मधली जागा आठवेना.

त्यांनी डोळे उघडले तेव्हा बाक रिकामा होता. टळटळीत उन्हात त्याच्या फळ्या मात्र ओल्या होत्या, माणूसभर.

हंगाम संपता संपता नणंद आली. बाईंनीच बोलावलं होतं. नणंद वयाने लहान, जिभेने मोठी. दातांच्या डॉक्टरांना कवळ्या करून देते. परक्यांच्या जबड्यांचे साचे समोर ठेवून दिवस काढते. भावाच्या माघारी तिने वहिनीला टाकलं नाही, पण तिची पुस्तकंही कधी उघडली नाहीत. "विकलास तू माझ्या दादाला," म्हणायची. "तोही किरकोळीत."

बॅग खाली ठेवायच्या आत तिने निकाल दिला. "नट असणार, वहिनी. पोटासाठी माणूस काय वाटेल ते करतो. मी नाही लोकांच्या दातांवर जगत?"

"वन्सं, तुमचा दादा शीळ कशी घालायचा?"

"म्हणजे? लिहिलंयस ना तू?"

"लिहिलंय. म्हणूनच विचारते. मला आता पुस्तक उघडून वाचावं लागतं." बाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "जे छापलं ते माझ्याकडे राहिलं नाही. टाच कशी घासायचा, ते राहिलं नाही. हाक कुठल्या आवाजात मारायचा, ते नाही. आणि चेहरा तर मी सगळ्यात आधी लिहिला होता. लिहून हातावेगळा केला, आणि त्या लोकांनी तो छापलाही नाही."

नणंदेने पर्स उघडली.

"हा घे. एवढंच ना? तुला दिला असता तर तू हाही छापला असतास, म्हणून नेला होता मी."

एकुलता एक फोटो. ह्याच घराच्या पायऱ्यांवर काढलेला. बाईंनी तो दोन्ही हातांत धरला. खूप वेळ बघत राहिल्या.

"हा असाच होता?"

"असाच म्हणजे? उन्हाने डोळे बारीक केलेत बघ कसे, माकडासारखे..." म्हणत नणंद वाकली.

फोटोत पायऱ्या होत्या, कठडा होता, कठड्याशी रंगाचा डबा. दोन वेण्या घातलेली नणंद कॅमेऱ्याकडे बघून हसत होती. शेजारी दादा, एक हात तिच्या खांद्यावर. आणि पाठ कॅमेऱ्याकडे.

कोपऱ्यातला शाईचा डाग तिच्याच हातून पडलेला होता. फोटो तोच होता.

"हा इकडे बघत होता," नणंद म्हणाली. "वहिनी, शपथ. हा इकडे बघत होता."

"मग आठवून सांगा ना, वन्सं. कसा होता?"

नणंदेने फोटो ओढून घेतला आणि उजेडात धरला. "फोटो होता ना गं माझ्याकडे! फोटो असल्यावर कोण आठवून ठेवतं?"

बाहेर शीळ वाजली.

भर दुपार होती. समुद्र ताटासारखा चकाकत होता. पायरीच्या कडेवर टाच घासल्याचा आवाज आला. एकदा. मग दुसऱ्या पायाची.

बाईंच्या घराचं दार दुधी काचेचं, मधोमध साध्या काचेचा उभा पट्टा. दुधी काचेवर टोपीची सावली पडली.

"आहेस का गं?"

आवाज मायेचा होता. दमलेला होता. घरी आलेल्या माणसाचा होता. बाई उठल्या. आयुष्यभर त्या ह्या तीन शब्दांकडे चालत आल्या होत्या, आता चालायला फक्त एक खोली उरली होती. त्यांचा हात कडीवर गेला. नणंदेने तो वरच्या वर धरला.

"थांब. कुणाचं तोंड घेऊन आलाय, ते तरी बघ."

तो सरकून साध्या काचेच्या पट्ट्यासमोर आला.

टोपी होती. कॉलर होती. मधे लाट मागे फिरल्यावर वाळू दिसते, तसं काहीतरी होतं. सपाट. ओलं. चकाकणारं.

बाईंनी डोळे मिटले नाहीत. नणंद मात्र बडबडायला लागली, घाबरली की बडबडते तशी. "दात. दात आठवतो मला, वहिनी. वरचा एक दात शेजारच्यावर चढला होता. मी म्हणायचे, तुला फुकटात नीट करून देते. हसला की आधी तो दात दिसायचा..."

सपाट वाळूत, खालच्या अंगाला, काहीतरी पांढरं वर आलं. एक दात. त्यावर तिरका चढलेला दुसरा.

ओठ नव्हते. पण तो हसत होता. ते कळत होतं.

नणंदेच्या हातून बाईंचं मनगट सुटलं. "मी आत्ता काय म्हणाले?" तिने विचारलं. "वहिनी, दाताचं काय म्हणाले मी?"

बाईंनी कडी काढली नाही. तो थोडा वेळ उभा राहिला आणि बाकाकडे परत गेला.

आता तो रोज दुपारी येतो. टाच घासतो, तेच तीन शब्द विचारतो, दोन दातांनी हसतो आणि जातो. नणंद परत गेलेली नाही. तिचे साचे तिथे धूळ खात पडलेत, आणि ती इथे खुर्ची दाराला लावून बसते. बाई मात्र घाबरलेल्या नाहीत, हे तुम्ही नीट समजून घ्या. त्या म्हणतात, "तो आलाय, वन्सं. आलेला माणूस उंबऱ्यात अडलाय. माझ्यामुळे अडलाय."

त्यांनी तुम्हाला पुन्हा फोन केला, तीन पानं मागितली. तुम्ही म्हणालात, "रद्दीत गेली असतील हो! नव्याने लिहा की. आता तुम्ही कसलेल्या लेखिका आहात." लिहितील त्या. चेहरा लिहिणं हा त्यांच्या डाव्या हाताचा मळ आहे. पण मनाने रचलेलं एक नाक, मनाने रचलेले दोन डोळे कागदावर पडले, की त्या दारातून दुसराच कुणीतरी आत येईल. ह्याची शीळ घालत, ह्याच्या आवाजात हाक मारत. आणि तो दुसरा आहे हे ओळखायला घरात कुणाकडे काहीही उरलेलं नसेल.

काल बाईंनी टेबलाचा खण उघडला. नवऱ्याचं घड्याळ त्यात नव्हतं. दुपारी तो आला तेव्हा त्याच्या मनगटावरचा पांढरा पट्टाही दिसला नाही. झाकला गेला होता.

त्याला परत आणायचा नियम तुमचा. चेहरा काढून घेण्याचाही तुमचा. नियम करून तुम्ही पंख्याखाली बसलात, आणि दाराच्या अलीकडे-पलीकडे दोघं उभी आहेत. गोदाम उपसा. जुने गठ्ठे सोडा. लाल रेघांची तीन पानं कुठे आहेत, महाशय? बाईंचा हात कडीवर आहे. उत्तर द्या.