भीतीची मूळपातळी

वरदापूरच्या अभय संशोधन केंद्रात तक्रारी सहसा येत नसत, आणि पोलिसांकडून तर कधीच नाही. त्यामुळे बंदर चौकीच्या निरीक्षकांचा फोन आला तेव्हा डॉ. केतकी आगलावेनं हातातला चहाचा कप खाली ठेवला. निरीक्षक वैतागले होते. एकाच मुलीचं कडं सारखं वाजतंय, दर वेळी शिपाई धावत जातो आणि दर वेळी ती धडधाकट उभी असते. कुणी हात लावलेला नाही, कुणी चकार शब्द काढलेला नाही. माणसं धावून धावून मेटाकुटीला आली आहेत, तेव्हा एकतर ते कडं बदला, नाहीतर मुलगी बदला, असं त्यांचं म्हणणं पडलं.

कडं म्हणजे अभयकंकण. हे भारदस्त नाव प्रकल्पाच्या समितीनं ठेवलं होतं आणि समितीबाहेर ते कुणी उच्चारत नसे. मनगटावरची ही पट्टी नाडी, घाम आणि रक्तातली भयद्रव्यं मोजायची आणि भीती उसळली की जवळच्या चौकीला आपोआप साद घालायची. ओरडायला नको, बटण दाबायला नको. दोन वर्षांत शहरातल्या जवळजवळ प्रत्येक बाईच्या हातात ती आली होती. चौकीला अशा सादा इतक्या कमी यायच्या की नगरपालिकेनं 'देशातलं सर्वांत निर्भय शहर' असे फलक लावून टाकले होते. आता राज्यभर कडी वाटायची होती आणि शिफारशीवर केतकीची सही तेवढी राहिली होती. उमेदीची सगळी वर्षं तिनं या यंत्रात घातली होती, त्यामुळे सही करायला ती अगदी उतावीळ होती.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी प्रयोगशाळेत आली. तुहिना जामसांडेकर. दक्षिण ध्रुवाजवळच्या हिमवसाहतीत जन्मली, तिथंच वाढली, आणि समुद्रशास्त्र शिकायला पहिल्यांदाच इकडे आलेली. तिचं मराठी आईवडिलांकडून आलेलं, स्वच्छ आणि किंचित जुन्या वळणाचं. आई बर्फात विवरं पाडणाऱ्या पथकाची प्रमुख. वडील वसाहतीचं स्वयंपाकघर सांभाळायचे. केतकीला याची गंमत वाटली. यात गंमत काय, हे तुहिनाला कळलं नाही.

कडं तपासलं तर ठणठणीत निघालं. मग केतकीनं प्रत्येक सादेच्या वेळी काय घडलं ते विचारलं आणि तुहिनानं आठवून आठवून सांगितलं. एक स्कूटरवाला बराच वेळ तिच्या चालीनं शेजारून गाडी हाकत राहिला. पानटपरीवरचे सगळे बोलायचे थांबले आणि ती पुढं जाईपर्यंत बघत राहिले. बसमध्ये जागा असून एक गृहस्थ खेटून उभे राहिले. भेटायला कोण कोण येणार, हे विचारताना घरमालकांनी आपल्यामागं दार लोटून घेतलं.

"अगं, पण हे रोजचंच आहे," केतकी म्हणाली.

"मग तुमचं कडं रोज वाजतं?"

केतकीचं कडं कधीच वाजलं नव्हतं. ती समजावू लागली. कानाला फोन लावून कुणाशी तरी बोलतोय असं दाखवायचं, दुकानांच्या बाजूनं चालायचं, रिक्षाचा नंबर मोठ्यानं वाचायचा, बसमध्ये पिशवी मध्ये धरायची. अंगवळणी पडलं की काही वाटत नाही, असं सांगता सांगता तिचं तिलाच ऐकू आलं.

कड्याचं गणित लिहिणारा शार्दूल मिठारी कोपऱ्यात बसून ऐकत होता. तो मितभाषी माणूस. त्यानं पडद्यावर दोन रेषा काढल्या, एक खाली आणि एक बरीच वर.

"मॅडम, प्रत्येक शरीर वेगळं असतं. म्हणून कडं आधी पंधरवडाभर नुसतं शिकतं. त्या माणसाची नेहमीची अवस्था ही त्याची मूळपातळी. तिच्यावर काही उसळलं तरच साद जाते. शरीर बदलत जातं, तशी कडं ही पातळीही हळूहळू बदलत नेतं. तुहिनाचं कडं आपण कॉलेजच्या प्रवेशपत्राबरोबर पाठवलं होतं, म्हणजे ते तिच्या घरी शिकलं. खालची रेषा तिची."

"आणि आमची?"

"तुमची कडी इथं शिकली. त्या पंधरवड्यात जी भीती अंगात होती, ती त्यांनी शून्य धरली."

पुरुषांची रेषा कुठं आहे, असं तुहिनानं विचारलं. चाचणीसाठी आपणही कडं घातलं होतं, आपली रेषा जवळजवळ तिच्याच रेषेवर पडते, असं शार्दूलनं सांगितलं, आणि सांगताना त्यानं मान खाली घातली.

केतकीनं त्याला शहराच्या वर्षभराच्या नोंदी तुहिनाच्या मूळपातळीवर पुन्हा चालवायला लावल्या. तसं असतं, तर कडी सकाळपासून वाजत राहिली असती. रस्त्यावर, कचेरीत, आणि सर्वांत जास्त संध्याकाळी घरात, दाराची कडी वाजायच्या वेळी. केतकीनं स्वतःची नोंद उघडली आणि लगेच मिटली. तिला संताप आला होता, आणि तो नेमका कुणावर काढावा हे कळत नव्हतं.

समितीनं तिचं शांतपणे ऐकून घेतलं. इतक्या सादांना पुरतील एवढे शिपाई आणायचे कुठून, असं अध्यक्षांनी विचारलं. मुलगी नवखी आहे, काही महिने राहू द्या, रुळेल, असा त्यांचा सल्ला होता. तुहिनाला मात्र राहायचं नव्हतं. झोप लागत नाही, घरी जाते, असं ती म्हणत होती. तिला केतकीनंच थांबवून घेतलं. या शहरात खरं माप तुझ्याकडेच आहे, सगळ्या बायकांसाठी थोडं सोस, असं तिनं समजावलं, आणि तुहिना भली पोर, थांबली.

पावसाळा सरेपर्यंत कडं वाजायचं कमी झालं आणि मग थांबलं. तुहिना आता बसमध्ये चढल्या चढल्या बायकांच्या शेजारची जागा शोधायची. चालताना खाली बघायची. हसायची तीही आजूबाजूला कोण आहे ते पाहून. समितीला हायसं वाटलं. पडद्यावर तिची रेषा चढत चढत इतर बायकांच्या रेषेला जाऊन मिळाली होती. ज्या मापानं शहर मोजायचं, तेच केतकीनं शहराच्या हवाली करून झिजवलं होतं.

हे यंत्र भीती मोजत नाही, फक्त सवय मोजतं, असा शेरा मारून तिनं सही नाकारली. शिफारस तिच्या सहीवाचून पुढं गेली. तिनं फार वाद घातला नाही. तिला आता एकच गोष्ट करायची होती. मुलगी आली तशी परत जायला हवी होती. दक्षिणेकडचा उन्हाळा सुरू होताच पहिल्या जहाजानं तिनं तुहिनाला घरी धाडलं. कडं काढू नकोस, तुझी रेषा खाली आलेली मला बघू दे, एवढंच तिनं मागितलं.

उपग्रहावरून नोंदी येत राहिल्या आणि रेषा खरोखर उतरू लागली. ध्रुवावर रात्रीचे महिने सुरू झाले तेव्हा ती पहिल्या दिवसाइतकी खाली आली होती. केतकीच्या जिवात जीव आला. त्या दिवशी तिनं सगळ्या प्रयोगशाळेला पेढे वाटले.

त्यानंतर एका दुपारी हिमवसाहतीतून थेट प्रयोगशाळेत साद आली. तिथून आलेली ही पहिलीच.

"कडं बिघडलं असेल," केतकी म्हणाली.

शार्दूलनं रेषा पाहिली. "बिघडलेलं नाही. मूळपातळी उतरली, म्हणून तर वाजलं. कडं सगळं विसरलं, मॅडम. ती विसरलेली नाही."

तुहिनाचा चेहरा पडद्यावर यायला थोडा वेळ लागला. तिला अजून धाप लागली होती.

"काही झालं नाही, केतकीताई. बर्फातल्या बोगद्यातून चालले होते. मागून पावलं वाजली."

कुणाची, असं केतकीनं विचारलं.

"इकडे मागून पावलं आली की माणूस थांबतो. सोबत मिळाली म्हणून. लहानपणापासून मी थांबत आलेय. आज मी पळाले. बाबा होते. माझे हातमोजे राहिले होते, ते द्यायला येत होते. मला हाका मारत होते, मला ऐकूही येत होतं, तरी मी पळत होते."

बाबा आता कुठं आहेत, असं केतकीनं विचारलं.

"ते इथं बाहेरच बसलेत," तुहिना हळू आवाजात म्हणाली. "विचारतायत, माझं काय चुकलं. मी काय सांगू त्यांना?"