काचेत सरळ उभी

आधीच सांगते, ही कुठे वाचलेली गोष्ट नाही. आमच्या घरातली आहे. जिच्या बाबतीत घडली ती माझी मोठी जाऊ, आणि तिला खोटं बोलताच येत नाही. नवा ड्रेस कसा दिसतो विचारलं, तर "पडद्याच्या कापडासारखा" असं तोंडावर सांगणारी बाई ती. मी तिला ताईच म्हणते.

भुताच्या गोष्टीत रात्र असते म्हणतात.

इथे लख्ख दुपार होती.

ताई फोटोग्राफर. तिचा कॅमेरा म्हणजे एक लाकडी धूड. मागे दुधी काच, डोक्यावर काळं कापड घेऊन त्या काचेत बघायचं. आणि त्या काचेत सगळं उलटं दिसतं. जमीन वर, छत खाली. माणूस डोक्यावर उभा. ताईला त्याची इतकी सवय, की म्हणायची, "मला सरळ जगच तिरकं वाटतं."

हे धूड पेलायला जुना ट्रायपॉड होता. तो थरथरायचा. फोटो निघेपर्यंत माझे मोठे दीर त्याचे पाय घट्ट धरून खाली बसायचे, श्वास रोखून. "तुझ्या ट्रायपॉडचा चौथा पाय मीच," म्हणायचे.

गेल्या वर्षी ते झोपेतच गेले.

ताई रडली नाही. भाजी निवडावी तसं सगळं उरकलं तिने. त्यानंतर तिला काही वाटेनासंच झालं. चहा निवला तरी तसाच प्यायची. एकदा तव्याचा चटका बसला, फोड आला. मी ओरडले, तर ती बोटाकडे नुसती बघत राहिली. जणू बोट दुसऱ्याचं.

मग तिला एक काम आलं. एक बंदिस्त पोहण्याचा तलाव, कित्येक वर्षं बंद. पाडायच्या आधी त्याचे फोटो हवे होते. ताईला कोरड्या तलावात उतरून, उथळ बाजूने, काठाच्या वर कॅमेरा नेऊन फोटो घ्यायचा होता. जुना ट्रायपॉड तेवढा पोचत नव्हता. आणि पाय धरणारं माणूसही आता नव्हतं.

म्हणून ती, आमचे हे आणि मी दुकानात गेलो.

दुकानातल्या मुलीने एकेक काढून दाखवला. ताईने प्रत्येक पूर्ण उघडायला लावला, दोन्ही तळव्यांनी वरून भार टाकला, मग पिळून पाहिला.

"हा चांगला उंच होतो," मुलगी मधला दांडा वर ओढत म्हणाली.

"दांड्याने आलेली उंची खोटी. एका काठीवर हत्ती ठेवल्यासारखं. पायांनीच उंच होणारा द्या."

शेवटी एक मिळाला. जाडजूड पाय, खाली टोकदार खिळे, उघडल्यावर ताईपेक्षाही उंच.

"पाय झाले," मुलगी म्हणाली. "आता डोकं निवडा, कॅमेरा ज्यावर बसतो ते. ते वेगळं मिळतं."

"एक जास्तीचं द्या," मी यांच्याकडे बघून म्हटलं. "घरी गरज आहे."

हे हसले. मुलगी हसली. ताईने ऐकलंच नाही. ती एका डोक्यावर वजन ठेवून बघत होती.

"हे झुकतंय."

"ताई, केसभर तर!"

"केसभर झुकलं की काचेत भिंत पडते."

तिने चाकं फिरवून जागेवर बसणारं, भलं जड डोकं घेतलं. "आता कुणी धरायची गरज नाही," एवढंच म्हणाली. आवाजात काहीच नव्हतं.

तलावावर हे सोबत गेले होते. पुढचं यांनी सांगितलेलं आणि ताईने सांगितलेलं. दोघांचं जुळतं.

वर काचेचं छप्पर. ऊन थेट तळाच्या निळ्या फरश्यांवर. सगळं कोरडंठाक. छपरात कबुतरांचा नुसता कल्ला.

यांनी ट्रायपॉड उभा केला, कॅमेरा चढवला. ताई स्टुलावर चढली.

"तुमचं इथे काम नाही, भाऊजी," ती म्हणाली. "गाडीत बसा हवं तर."

हे बाहेर वॉचमनशी गप्पा मारत बसले.

ताईने कापड डोक्यावर घेतलं. काचेत तळ वर, छप्पर खाली. चाकं फिरवून चौकट बसवली. एक रेघ हलली नाही. पैसे वसूल, असं तिच्या मनात आलं.

आणि मग...

कबुतरं गप्प झाली.

उडाली नाहीत. पंखांचा आवाज आला नाही. नुसती गप्प.

ताईने भिंग काचेला लावलं. आणि काचेत, तलावाच्या बरोबर मधोमध...

कुणीतरी उभं होतं.

एक बाई.

ताईला आधी वाटलं, कुणी चुकून आत आलं. कापड बाजूला करून तिने बघितलं.

तलाव रिकामा.

पुन्हा कापडाखाली गेली.

बाई तिथेच.

कोणी दिसलं याचं नाही, ताईला दुसऱ्याच गोष्टीचं नवल वाटलं.

ती बाई काचेत सरळ दिसत होती.

काचेत भिंती उलट्या, जिना उलटा. आणि ही सरळ, पाय खाली. काचेत खाली होतं छप्पर.

म्हणजे ती छपरावर पाय रोवून उभी होती. डोकं खाली. तोंड कॅमेऱ्याच्या पातळीवर.

केस ओले होते, पण लोंबत नव्हते. खांद्यांवर नीट बसले होते. त्यातून थेंब गळत होते...

टप...

टप...

आवाज वरून येत होता. छपराच्या काचेवरून.

माझी तर तिथेच किंकाळी फुटली असती. ताईला काही वाटलं नाही. मी खोदून खोदून विचारलं, "भीती नाही वाटली?" ती म्हणाली, "नाही गं. वाटायला हवी होती, हे कळत होतं."

बाहेर यांना तिचा आवाज आला. कुणाशी बोलते म्हणून हे दारापाशी गेले.

ताई कापडाखाली होती. ग्राहकाशी बोलावं तशी बोलत होती.

"थोडं मागे... बस. हनुवटी नीट. हलू नका आता."

समोर कुणी नाही.

हे दारातच थांबले. ताईने शटर उघडलं आणि हात बांधून वाट बघत राहिली. त्या सगळ्या वेळात वरून टप... टप... हे यांनीही ऐकलं. वर बघायची मात्र हिंमत झाली नाही.

"झालं," ताई म्हणाली. "थँक्यू हं."

कबुतरं पुन्हा घुमायला लागली.

गाडीत यांनी कसंबसं विचारलं, "वहिनी... दादा होता का?"

"नाही. बाई होती."

"कोण?"

"विचारलं नाही."

वॉचमनला यांनी निघताना खोदून विचारलं होतं. कुणी बुडालं होतं का, कुणी जीव दिला होता का. तो उलट चिडला. "साहेब, इथे कधी साधं खरचटलंसुद्धा नाही कुणाला."

फोटो धुऊन आला. तलाव रिकामा. फरशी न् फरशी स्वच्छ, रेखीव. बाई कुठेही नाही.

फक्त छपराच्या काचेवर, आतल्या बाजूने... ओल्या पावलांचे दोन ठसे.

हे म्हणाले, कबुतरांची घाण असेल. मीही हो म्हटलं. कबुतरांना पाच बोटं नसतात हे दोघांनाही माहीत होतं.

तलाव पाडला. आता तिथे सपाट जागा आहे. मला वाटलं, संपलं.

मागच्या महिन्यात ताईकडे गेले होते. भर सकाळ. बाहेरच्या खोलीत ट्रायपॉड पूर्ण उंचीला उभा, वर कॅमेरा. मला बरं वाटलं, काम करतेय. ती म्हणाली, "उभी राहा, तुझा एक काढते. इतक्या वर्षांत तुझा कधी काढलाच नाही."

मी खिडकीपाशी उभी राहिले. ताई स्टुलावर चढली, कापडाखाली गेली.

चाकं फिरवल्याचा आवाज येत राहिला.

मग कापडाखालून तिचा तोच सपाट आवाज आला.

"थोडं डावीकडे."

मी डावीकडे सरकले.

"अगं, तू नाही..."

माझ्या खांद्याला काहीतरी गार घासून वर गेलं.

थेंब.

"हं, आता छान," ताई म्हणाली. "दोघी हलू नका."

मी हलले नाही. वरही बघितलं नाही.

तो फोटो तिने दोनदा देऊ केला. मी अजून आणलेला नाही.