एकाच मापाचं पाणी

"अजून एक गेलं!"

शेपूट जिन्यावरून धडधडत खाली आली आणि दारातच तिने बसकण मारली. गच्चीवरच्या ढाबळीत काकांच्या कबुतरांची पिल्लं मरत होती. चार दिवसांतलं हे चौथं.

"कुठल्या घरट्यातलं?" मोहरी ताडकन उठली.

"तुझ्या नाही. शेजारच्या."

मोहरीला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लगेच लाजही वाटली. कोपऱ्यातल्या घरट्यातलं एकुलतं एक पिल्लू तिचं होतं. "उडायला लागलं की घेऊन जा," असं काकांनी सुट्टीच्या पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तेव्हापासून रोज ढाबळीत पाणी भरायचं काम तिने आपणहून घेतलं होतं. तापली की तडतडते म्हणून ती मोहरी. कायम तिच्या मागे मागे असते म्हणून धाकटी बहीण शेपूट. आणि काकांचा मुलगा वकील. त्याला 'जेवायला चल' म्हटलं तरी तो 'का?' विचारतो!

"हा खून आहे," वकील म्हणाला. "आणि खुनी असणारच. मांजर, नाहीतर घूस."

"मग रक्त कुठंय?" मोहरी म्हणाली.

वकिलाने ताबडतोब ठसे घ्यायचं ठरवलं.

त्या संध्याकाळी तिघांनी काकूच्या डब्यातलं दोन वाट्या पीठ लांबवलं आणि ढाबळीच्या दारात, खिडकीखाली सगळीकडे भुरभुरलं. जो कोणी येईल त्याच्या पावलांचे ठसे उमटणार! सकाळी उजाडल्या उजाडल्या तिघं वर पळाली. ठसे होते. कबुतरांचे होते, आणि काकांच्या चपलांचे.

"बाबाच खुनी!" वकील ओरडला.

"गप रे!" मोहरीने त्याला कोपर मारलं. "काय तोंडाला येईल ते बोलतोस!"

खाली काकू पिठाचा डबा हातात घेऊन उभीच होती. पुढची दहा मिनिटं काय झालं ते न सांगितलेलंच बरं.

खरं तर काकांचा जीव होता त्या कबुतरांवर. त्यांचं वेल्डिंगचं दुकान तळमजल्यावर, पण सकाळी पहिली फेरी गच्चीवर. ढाबळ त्यांनी स्वतः बांधलेली. तिच्या दोन खोल्या. एकीत दहा एकटी कबुतरं आणि दुसरीत पाच जोड्या, पिल्लंवाल्या. दोन्ही खोल्यांत पाण्याचं एकेक भांडं. आणि गेला आठवडाभर काका दोन्ही भांड्यांत जंताचं औषध घालत होते. सिरिंज डोळ्यांसमोर धरायची, श्वास रोखायचा आणि मग थेंब सोडायचे. मोहरीच्या दुसऱ्या फेरीसाठी बादलीतही तेच, त्याच मापाने.

"पंधरा वर्षं झाली, माझं माप एका थेंबाने चुकलेलं नाही," ते सांगायचे. आणि ते खरंच होतं.

चौथ्या पिल्लाचं कळलं त्याच दिवशी काका वर आले होते. मेलेलं पिल्लू त्यांनी हातात घेतलं. त्याच्या पंखांवर नुकते फुटलेले पिसांचे कोंब मधेच आवळल्यागत वाकडे झाले होते. काकांचे डोळे भरून आले.

"रोग शिरलाय ढाबळीत," ते म्हणाले. "औषध अजून पाच दिवस चालू ठेवतो."

पाचवं पिल्लू ठसे पाहिले त्या दुपारी गेलं.

मोहरी आपल्या पिल्लाजवळ बसून राहिली. ते चोच उघडत नव्हतं. आई त्याच्यावर वाकून गळा हलवत होती, कबुतरांच्या गळ्यात पिल्लांसाठी तयार होतं ते दूध भरवायला बघत होती, पण पिल्लाची मान पडलेलीच. काय करावं ते मोहरीला सुचेना. रडून काही होत नाही हे कळत होतं, तरी ती रडली. मग डोळे पुसले, आणि पाण्याचं भांडं रिकामं दिसलं म्हणून ते भरायला उठली.

रिकामं? सकाळीच तर भरलं होतं!

ती तशीच पलीकडच्या खोलीत धावली. तिथलं भांडं जवळजवळ भरलेलंच होतं.

"वकील! दोन्हीकडे दहा-दहाच कबुतरं आहेत ना?"

"का?"

"का काय का! मोज!"

दोन दिवस त्यांनी मोजलं. एकट्या कबुतरांना दिवसभरात अर्धा लिटर पुरायचं. पिल्लंवाली दोन लिटर फस्त करायची! पिल्लांना भरवायचं म्हणजे पाणी तर लागणारच. आणि प्रत्येक घोटात औषध.

"म्हणजे चौपट औषध!" वकील म्हणाला. "आणि तेच गळ्यातून पिल्लांना."

त्या दोन दिवसांत सहावंही पिल्लू गेलं होतं. आता तीनच उरली होती. तिघं धावत दुकानात गेली.

"बाबा, औषध बंद करा! ती जास्त पाणी पितात!"

"उन्हाळा आहे, पिणारच," काकांनी डोळ्यांवरची काच वरसुद्धा केली नाही. "माप बरोबर आहे. जा, खेळा."

मग मुलं औषध विकणाऱ्या दाणेवाल्याकडे गेली.

"पिल्लं असताना हे औषध चालतं का हो?" मोहरीने विचारलं.

"सगळे नेतात. मी दाणे विकतो बाळ, मी काय डॉक्टर आहे?"

"मग औषध कशाला विकता?" वकिलाने विचारलं.

दाणेवाल्याने त्यांना हाकललं.

"आपणच ओतून देऊ ते पाणी," शेपूट रस्त्यात म्हणाली.

"आणि खरंच रोग असला तर?" मोहरी म्हणाली. "आपल्यामुळे सगळी मेली तर?"

औषध चालू ठेवावं तर मरणार, बंद करावं तर कदाचित मरणार, आणि मोठी माणसं ऐकायला तयार नाहीत. मुलांनी जायचं कुठे?

घरी आल्यावर मोहरी बराच वेळ दुकानाच्या पायरीवर बसली. काका एक वेल्डिंग करायचे, गटागटा ग्लासभर पाणी प्यायचे, पुन्हा वेल्डिंग. आत काकू शिवणकाम करत होती. तिचा ग्लास सकाळपासून तसाच झाकलेला. मोहरी एकदम उठली आणि दुकानातून मूठभर नट आणि दोन रिकामे डबे घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी काका वर जायच्या आधीच मुलांनी ढाबळीच्या दाराशी बैठक मारली आणि हात जोडले. फक्त आजचा दिवस साधं पाणी! काका चिडले, पण मोहरीचे सुजलेले डोळे पाहून खाली गेले. संध्याकाळी चहाच्या वेळेला वकिलाने त्यांच्यासमोर दोन डबे ठेवले.

"हे काय नवीन?" काका म्हणाले.

"तुम्ही एक ग्लास पाणी प्यायलात की शेपटीने या डब्यात एक नट टाकला. आईने प्यायलं की त्या डब्यात. मोजा."

काकूच्या डब्यात तीन होते. काकांच्या डब्यात चौदा.

"बरं मग?"

"प्रत्येक ग्लासात तापाची एकेक गोळी विरघळवली असती तर?" वकिलाने विचारलं. "माप अगदी बरोबर! ग्लासाला एक गोळी, दोघांनाही सारखीच."

"चौदा गोळ्या? अरे, मी आडवा झालो अस..." काका मधेच थांबले. मग त्यांनी कप खाली ठेवला आणि जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

बाई तासाभरात आल्या. त्यांनी मोहरीच्या पिल्लाचा पंख अलगद उघडून पाहिला.

"हे औषध पिल्लं घरट्यात असताना द्यायचंच नसतं. कोवळी पिसं फुटत असताना तर नाहीच," त्या म्हणाल्या. "जोड्या लावायच्या आधी द्यायचं, मला विचारून. मधेच एखादं आजारी पडलं, तर ते वेगळं काढायचं, वजन करायचं आणि त्या एकालाच चोचीतून द्यायचं. पाण्यातून सगळ्यांना सरसकट नाही. कोण किती पितंय, आपल्याला काय माहीत?"

"या मुलांनी मोजलंय," काका हळूच म्हणाले.

"आता याला काय द्यायचं?" मोहरीने विचारलं.

"साधं पाणी आणि ऊब."

"पण औषध? काहीतरी द्या ना!"

"नाही गं बाळा. आता वाट बघायची."

मोहरीने वाट बघितली. फडक्यात गुंडाळलेलं पिल्लू ओंजळीत धरून ती बसली, आणि तिच्या शेजारी वकील, शेपूट आणि काकाही बसले. अंधार पडायच्या आत पिल्लू गेलं. शेवटी शेवटी ते थरथरलंसुद्धा नाही. उरलेल्या दोघांनी मात्र दुसऱ्या दिवशी दुपारी चोची उघडल्या.

चौथ्या दिवशी डॉक्टरीणबाई पुन्हा आल्या. "ही दोन्ही जगणार," त्या म्हणाल्या. "या मुलांनी मोजलं नसतं, तर एकही उरलं नसतं! मोठ्यांना जमलं नाही ते यांनी केलं." काकूने पिठाचं सगळं माफ केलं. वकिलाची छाती फुगली आणि शेपूट लाजून त्याच्यामागे लपली. काकांनी दोन्ही पिल्लं मोहरीच्या पुढ्यात ठेवली.

"यातलं तुला हवं ते तुझं. शाबास, पोरी!"

मोहरीने हात मागे घेतले.

"मला शाबासकी नको!" ती हुंदके देत म्हणाली. "रोज पाणी मीच भरत होते. भांडं एवढं लवकर रिकामं होतं, हे मला आधीच का नाही दिसलं? मी तुम्हाला आधीच का नाही विचारलं?"

काका तिच्यासमोर खाली बसले.

"तू विचारलं होतंस," ते म्हणाले. "औषधाच्या तिसऱ्या दिवशी. 'काका, ही एवढं पाणी का पितात?' तेव्हा सगळी पिल्लं जिवंत होती. तू विसरलीस, मी नाही विसरलो. मी म्हटलं होतं, तुला पाणी भरायला सांगितलंय, प्रश्न विचारायला नाही."