गच्चीवरची बाई वर बघत नव्हती

हे मी रचून सांगत नाहीये. रचलेलं ओळखणं हाच माझा धंदा होता, त्यामुळे एवढं तरी माझं ऐका.

वार मंगळवार. दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं. वर्तमानपत्राच्या कचेरीचा तिसरा मजला, फोटो विभाग. सगळे दिवे चालू, आजूबाजूला माणसांची वर्दळ. भुतं रात्रीच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी ही वेळ नीट लक्षात ठेवावी.

पण त्याआधी चार महिन्यांपूर्वीचं सांगायला हवं.

आमच्याकडे वाचकांचे फोटो यायचे. खरा कुठला, बनावट कुठला, हे मी ठरवायचो. कचेरीत मला 'चिमटा' म्हणत. बारीकशी खोटही मी चिमट्यात धरून बाहेर काढायचो म्हणून. मला ते नाव आवडायचं. खोटं कशाला बोलू, माज होता मला.

एके दिवशी एक फोटो आला. घराची गच्ची. दोरीवर चादर वाळत घालणारी एक बाई. आणि तिच्या डोक्यावर भलंमोठं प्रवासी विमान. इतकं खाली की हात उंच केला तर चाकाला लागावा.

बाई मात्र शांतपणे चादर झटकत होती. वर बघतच नव्हती.

मी दोन मिनिटांत निकाल दिला. बनावट.

लाल फुली मारून माझ्या सदरात फोटो छापला. खाली स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन एक ओळ लिहिली, 'विमान इतकं खाली आलं तर मेलेला माणूससुद्धा मान वर करेल!'

लोक खूप हसले.

तिसऱ्या दिवशी फोटो काढणारा कचेरीत आला. एका छोट्या स्टुडिओचा मालक. कडक इस्त्रीचा शर्ट, गळ्यात कॅमेरा.

"साहेब, ती माझी बायको आहे," तो म्हणाला. "तिला जन्मापासून ऐकू येत नाही. घर धावपट्टीला लागून. दिवसभर भिंती हादरतात, सवय झालीये तिला. वर कशाला बघेल ती?"

त्याने कॅमेऱ्यातले मूळ फोटो दाखवले. त्याच्या आधीचे अकरा, नंतरचे सहा. विमान लांबून येताना, डोक्यावर, मग पलीकडे टेकताना.

फोटो खरा होता.

"दोन ओळी छापा हो. चूक झाली म्हणून. गिऱ्हाईकं तोंडावर हसतात. ओळखपत्राच्या फोटोत नाक तरी आमचंच ठेवा म्हणतात."

"बघतो," मी म्हणालो.

मी काहीही बघितलं नाही. चिमटा चुकला, हे छापायला माझा हात रेटेना. तो आणखी दोनदा आला. शेवटच्या वेळी बायकोला घेऊन. मी फोनवर बोलत असल्याचं नाटक केलं. ती नुसती माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली.

त्याचा स्टुडिओ बंद पडला. मग एक दिवस कळलं, तो गेला. झोपेतच, म्हणे.

मला वाईट वाटलं. आणि सुटल्यासारखंही वाटलं.

तर त्या मंगळवारी...

माझ्यासमोर शाळेच्या शर्यतीत जिंकलेल्या नऊ मुलींचा फोटो होता. मी तो मोठा करून बघत होतो. इतक्यात टेबलावरचा ग्लास थरथरायला लागला.

आवाज नव्हता.

कसलाच आवाज नव्हता... पंख्याचा नाही, माणसांचा नाही. समोर लोक बोलत होते, त्यांचे ओठ हलत होते. मला काहीच ऐकू येत नव्हतं. फक्त पायाखालची फरशी हादरत होती.

मग एकदम सगळे आवाज परत आले.

मी फोटोकडे बघितलं.

नऊच्या नऊ मुलींच्या माना वर होत्या. चेहरे नाहीत... नुसते गळे आणि हनुवट्या.

"अगं, हे बघ," मी शेजारी पेपरची पानं लावणाऱ्या बाईला म्हणालो. "सगळ्या वर बघताहेत."

"चिमट्या, डोळे तपासून घे. सरळ समोर बघून दात दाखवताहेत की."

मी दुसरा फोटो उघडला. दुकानाचं उद्घाटन. सगळे वर बघणारे. तिसरा अपघाताचा होता. रस्त्यावर आडवा केलेला माणूस, चादर तोंडावरून सरकलेली.

त्याचीही मान वर होती.

मला माझीच ओळ आठवली. मी तसाच उठलो आणि घर गाठलं.

भिंतीवर आमच्या लग्नाचा फोटो. दोन गळे. मी आतल्या खोलीत धावलो. तिथे आईचा फोटो असतो.

आईला जाऊन दोन वर्षं झाली. कॅमेरा दिसला की ती जन्मभर पळून जायची. तिचा एवढा एकच फोटो आहे. रोज सकाळी तो बघितल्याशिवाय मी घराबाहेर पडत नसे.

आईची मान वर होती.

"आई, इकडे बघ ना गं..." मी वेड्यासारखा म्हणालो. मग फोटो छातीशी धरून लहान मुलासारखा रडलो.

दुसऱ्या दिवशी मी संपादकांच्या पाया पडायचाच तेवढा बाकी होतो. दोन ओळींच्या जागी वीस ओळी छापल्या, स्वतःच्या नावानिशी. माझं सदर बंद झालं. होऊ दे म्हटलं.

ज्या सकाळी ते छापून आलं, त्या सकाळी मी भिंतीकडे बघितलं. लग्नाच्या फोटोत बायको हसत होती. मी आत पळालो.

आईची मान... वरच.

फोटो आणि पेपर घेऊन मी गच्चीवरच्या त्या बाईचं घर गाठलं. खाली बंद स्टुडिओ, वर घर. तिने दारातच उभं राहून वीसही ओळी वाचल्या. मी एका कागदावर लिहून दिलं, 'ही माझी आई. हा एकच फोटो आहे. मला तिचा चेहरा दिसत नाही. आता सोडा मला.'

ती बराच वेळ फोटो बघत राहिली. मग तिने लिहिलं, 'छान हसतायत. डाव्या गालाला खळी पडलीये.'

माझ्या आईला खळी नव्हती.

मी लिहिलं, 'खळी नव्हती तिला.'

तेव्हा ती पहिल्यांदा हसली. तिने लिहिलं, 'फोटोत आहे.'

आणि खालच्या बंद स्टुडिओतून आवाज आला...

खट्.

कॅमेऱ्याचा. घरात तिच्याशिवाय कुणी नव्हतं, आणि तिला तो ऐकू येणं शक्यच नव्हतं. तिने दार लावून घेतलं.

मी तडक ताईकडे गेलो. फोटो तिच्या हातात दिला. "ताई, यात आईला खळी दिसते का गं?"

"आईला कुठली खळी? भलतंच काय!"

माझा जीव भांड्यात पडला.

आठ दिवसांनी ताई आमच्याकडे आली. आईचा फोटो उचलून म्हणाली, "किती गोड खळी पडायची रे आईला!"

"ताई, तूच तर खळी नव्हती म्हणालीस ना?"

"मी? मी कशाला असं म्हणेन?"

"पडायची की खळी," बायको म्हणाली. "आणि डोळे काय घारे होते त्यांचे. तुमच्यात नाही आले."

मी ओरडलो, "हा फोटो बनावट आहे!"

दोघी एकमेकींकडे बघून हसल्या.

आईचे डोळे काळे होते. मला पक्कं आठवतंय. म्हणजे... आज सकाळपर्यंत तरी आठवत होतं.